मोतमावलीची जत्रा कुठून आली

मोतमावली म्हणजे वांद्र्याची माउंट मेरी. तिच्या डोंगरावरचं पहिलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, पोर्तुगीज काळातलं, सोळाव्या शतकात जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी बांधलेलं आणि मूर्तीपण तेव्हाचीच, पोर्तुगालहून आणलेली. 1700 च्या सुमारास अरब चाचे आले, मूर्तीच्या हातात सोन्याचं काहीतरी आहे म्हणून त्यांनी उजवा हातच तोडला, आणि मग मधमाश्यांनी त्यांना पळवून लावलं असं जुनी माणसं सांगतात. इतपत वांद्र्याला जाणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्यानंतरच्या साठेक वर्षांचा मात्र फार गोंधळ करून ठेवलाय आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बऱ्याच ठिकाणी एका ओळीत उरकतात की 1738 मध्ये मराठ्यांच्या स्वारीत चर्च पडलं, बस. ते वाचून कुणालाही वाटणार की मराठ्यांनीच पाडलं. पण दुसरी हकीकत अशी आहे की मराठी फौजा साष्टीत, म्हणजे वांद्रं ज्यात येतं त्या बेटावर, उतरल्यावर पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांचा सल्ला घेतला, इंग्रज म्हणाले की ही जागा मराठ्यांच्या हाती जशीच्या तशी लागू देऊ नका, आणि पोर्तुगीजांनीच ते आधी पाडून टाकलं. मला हीच हकीकत जास्त पटते, कारण वांद्र्याच्या टोकासमोर खाडीपलीकडे माहीमचा किल्ला इंग्रजांचा होता आणि समोरच्या उंचवट्यावर मराठ्यांच्या तोफा चढल्या असत्या तर पहिला धोका त्यांनाच होता. तरी एका ओळीतलं तेच वाक्य इकडून तिकडे कॉपी होत राहतं.

1739 मध्ये वसई पडली, साष्टी मराठ्यांकडे आली आणि मूर्ती माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये आसऱ्याला राहिली, ती थेट 1761 पर्यंत. आता हे साल बघा. 1761 म्हटलं की आपल्याला पानिपत सोडून काही आठवत नाही, पण त्याच सुमारास डोंगरावर चर्च परत उभं राहिलं आणि मूर्ती इंग्रजांच्या माहीममधून खाडी ओलांडून वांद्र्याला आली, आणि वांद्रं तेव्हा मराठ्यांच्याच ताब्यात होतं! इंग्रजांनी साष्टी घेतली ती 1774 च्या शेवटी. म्हणजे आजच्या जत्रेचा धागा जिथून सलग लागतो ते चर्च मराठी अमलात बांधलं गेलंय, आणि ही गोष्ट ना चर्चचा इतिहास सांगणारे नीट सांगतात ना मराठ्यांचा इतिहास सांगणारे. शाळेत तर वसईच्या विजयानंतर या भागाचं पुढे काय झालं यावर एक अक्षर नव्हतं.

मधल्या काळातली कोळी लोकांची गोष्टपण आहे, एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात मूर्ती सापडेल आणि ती खरंच तरंगताना सापडली. ती वेगळी मूर्ती, दर्यावर्दींच्या मातेची, खाली सेंट अँड्र्यूज चर्चमधली. सांगताना लोक दोन्हींची सरमिसळ करतात. पण कोळीवाड्यातल्या बायका नवी साडी नेसून, गजरे माळून हक्काने आपल्या मावलीकडे येतात ते या गोष्टीमुळेच, आणि माझ्या घरी कुणी ख्रिश्चन नसताना आजीसुद्धा मोतमावलीचा नवस बोलायची.

गर्दी वाढली ती रस्ता आणि रेल्वेमुळे. 1845 आधी माहीमहून होडीने यावं लागायचं आणि खाडीत अपघात व्हायचे, मग एका पारशी बाईंनी स्वतःचा पैसा घातला आणि खाडीवरून कॉजवे, म्हणजे भराव घालून केलेला रस्ता, झाला, पुढे 1867 ला विरारहून लोकल सुरू झाली की वसई, भाईंदरकडच्या लोकांना वांद्रं एका दिवसात जाऊन येण्यासारखं झालं. आत्ताची दगडी इमारत 1904 ची, बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून मिळणारा मानाच्या चर्चचा, दर्जा 1954 चा.

जत्रेची तारीख अजून तीच, 8 सप्टेंबरनंतरचा रविवार आणि तिथून पुढे आठवडाभर, त्यामुळे पुष्कळदा गणपती आणि मोतमावली एकत्र यायचे आणि आमच्याकडे गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी वांद्रं ठरलेलं. स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस सुटायच्या, त्या भरून जायच्या, मग हिल रोडने चालत सुटायचं, अंगावर पावसाची शेवटची सर, आणि वर पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं. ज्याला जे दुखतं किंवा हवं असतं त्याने ते वाहायचं, आजी दरवर्षी मेणाचे पाय घ्यायची गुडघ्यांसाठी. आम्हा पोरांचं लक्ष कडियो बोडियोकडे, गुळात घोळवलेल्या बेसनाच्या आलं घातलेल्या कांड्या, आपलं मालवणी खाजं म्हणजे जवळपास तेच, आणि वर्तमानपत्राच्या पुडीत घेतले की गूळ कागदाला चिकटायचा तरी आम्ही सोडायचो नाही. हल्ली मेणाची विमानं पण दिसतात, परदेशी जायचं असणाऱ्यांसाठी. बरं वाटतं बघून, नवस काळाप्रमाणे बदलतोय पण मेण तेच आहे.

2020 आणि 2021 ला कोविडमुळे जत्रा भरली नाही, आणि 2022 ला परत भरली तेव्हा लोटलेली गर्दी बघून भरून आलं. स्टॉल किती असावेत, कुठे असावेत यावरून रहिवासी आणि विक्रेत्यांत कुरबुरी चालूच असतात. रहिवाशांचा त्रास खरा आहे, आठवडाभर गाडी घरापर्यंत नेता येत नाही. पण माझं मत स्टॉलवाल्यांच्या बाजूने. आत नोव्हेनाची प्रार्थना नऊ दिवस होईल, मिसा (चर्चमधली उपासना) होतील, सण स्टॉलशिवायही पार पडेल, पण माझ्या आजीसारख्यांना वर चर्चपर्यंत घेऊन येणारे हे मेणवाले आणि खाजेवालेच होते, त्यांना पायऱ्यांपासून लांब हलवू नये.