मधुमेह आणि पुरुषाची ताठरता : दोष मनाचा की नसांचा?

मधुमेही पुरुषांची लैंगिक तक्रार वैद्यकाला नवी नाही. अकराव्या शतकात पर्शियन वैद्य इब्न सिनाने मधुमेहाच्या लक्षणांमध्ये कामशक्ती ढासळण्याचा उल्लेख केला. १७९८ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्यानेही तसं लिहून ठेवलं. पण तेव्हा मधुमेह म्हणजे जिवाशीच गाठ. १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन रुग्णाला टोचलं गेलं, मधुमेही माणसं वर्षानुवर्षं जगू लागली आणि त्यानंतरच डोळे, मूत्रपिंडं, पाय यांवर साखरेचे होणारे परिणाम नीट दिसू लागले. ताठरतेचा प्रश्न मात्र या यादीत फार उशिरा आला, कारण विसाव्या शतकाचा बराच काळ तो मनोविकारतज्ज्ञांच्या दप्तरी जमा होता.

१९५८ मध्ये रुबिन आणि बॅबट यांनी १९८ मधुमेही पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५५ टक्क्यांना हा त्रास होता. निम्म्याहून अधिक मधुमेह्यांच्या मनात एकाच वेळी गाठ बसते, हे कुणालाही पटू नये; तरी १९७० च्या सुमारासही मास्टर्स आणि जॉन्सन ही लैंगिकतेवर संशोधन करणारी अमेरिकेतली नामवंत जोडी बहुतेक रुग्णांचा दोष मनाकडेच देत होती. १९७१ मध्ये मॅक्स एलेनबर्ग यांनी अशा मधुमेह्यांच्या मज्जातंतूंना इजा झालेली असते, हे दाखवलं.

खरा निकाल १९८९ मध्ये बॉस्टनला लागला. ताठरता जाऊन कृत्रिम रोपण करून घेणाऱ्या पुरुषांच्या शिश्नातली ऊती शस्त्रक्रियेच्या वेळीच घेऊन सायेन्झ दे तेहादा आणि सहकाऱ्यांनी ती प्रयोगशाळेत तपासली. शिश्नात रक्त भरायचं तर तिथला स्नायू सैल पडावा लागतो. मधुमेह्यांच्या ऊतीत तो मज्जातंतूंच्या इशाऱ्यानेही पुरेसा सैल पडेना आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून येणाऱ्या इशाऱ्यानेही. इथे ना बायकोची भीती होती, ना कामाचा ताण. नुसता मांसाचा तुकडा होता.

हा इशारा पोहोचवणारा मुख्य रेणू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. १९९८ मध्ये बाजारात आलेलं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) त्याचा परिणाम टिकवून धरतं, पण नायट्रिक ऑक्साइड स्वतः तयार करत नाही. मुळात तेच कमी असेल तर गोळी टिकवणार काय? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २६८ मधुमेही होते. गोळीने ५६ टक्क्यांना फरक पडला, नकली गोळीने १० टक्क्यांना. यश मोठंच, पण उरलेले ४४ टक्केही लक्षात ठेवायला हवेत. ‘गोळी चालली नाही’ म्हणून खचणारे बरेचसे त्यांतले.

आपल्याकडे औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे २००१ च्या आसपास देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. प्रश्न दवाखान्यात न जाता थेट मेडिकलच्या काउंटरवर गेला. बोलायची चोरी इथे जुनीच आहे : वाचकांच्या लैंगिक शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर १९३४ मध्ये मुंबईत खटला चालला, आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील असूनही दंड झालाच. पण न विचारता घेतलेली गोळी धोक्याची असते. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ही गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

डॉक्टरला टाळण्याचं दुसरं नुकसान लक्षात येत नाही. शिश्नाची धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार. चरबीचा थर दोन्हीकडे साचतो, मात्र अरुंद वाटेत अडथळा आधी जाणवतो. त्यामुळे ही तक्रार कधीकधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. शिवाय २००४ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत परेश दांडोना यांच्या गटाला टाइप टू मधुमेही पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांशांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी आढळलं. त्यात इच्छाच मंदावते. अशी लक्षणं असतील तर सकाळच्या रक्तात त्याची पातळी तपासावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आता डॉक्टरांना सांगते.