गिळता येत नाही? फुले योजनेत उपचारासाठी काय काय जमवावं लागतं

'घास अडकतो', 'पाणी प्यायलं की ठसका लागतो' एवढ्या तक्रारीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी मिळत नाही. मंजुरी असते पॅकेजला, म्हणजे अमुक निदान आणि त्यावरची अमुक प्रक्रिया. त्यामुळे रेशनकार्डाइतकाच महत्त्वाचा कागद म्हणजे कारण सांगणारा रिपोर्ट, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

पात्रतेचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या आणि केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही योजनेत आलं. मर्यादा वर्षाला ५ लाख रुपये, पण ती अख्ख्या कुटुंबाची. घरात याच वर्षी दुसरं ऑपरेशन झालं असेल तर शिल्लक किती ते आधी विचारा. रुग्ण ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड (केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड) काढून ठेवा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, दोन्ही मूळ प्रती न्या. नावाचं स्पेलिंग जुळतं का ते घरीच बघा. अन्ननलिका जन्मतःच बंद असलेल्या बाळाचं नाव कार्डावर नसणारच. तिथे जन्मदाखला आणि आईवडिलांचं रेशनकार्ड लागतं. ॲसिड पोटात गेल्याने अन्ननलिका आकसली असेल, तर पहिल्या दवाखान्यातली एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद जपून ठेवा.

आता रिपोर्ट. घट्ट अन्न अडकत असेल तर एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासणी. गाठ दिसली तर बायोप्सीचा (तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) निकालही. घन आणि पातळ दोन्ही अडकत असतील तर अकॅलेशियाचा, म्हणजे अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याच्या आजाराचा संशय येतो. त्यात सुरुवातीला एंडोस्कोपी नॉर्मल येऊ शकते, म्हणून बेरियम स्वॅलो (बेरियमचं द्रव पाजून काढलेला एक्स-रे) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतल्या दाबाची तपासणी) हवी. पक्षाघातानंतर पोटात पेग नळी (पोटाच्या भिंतीतून थेट जठरात जाणारी भरवायची नळी) बसवायची असेल तर मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, गिळण्याच्या तपासणीचा अहवाल आणि नाकातली नळी किती दिवस आहे याची नोंद द्या. साधारण चार आठवड्यांहून जास्त काळ नळीनेच भरवावं लागणार असेल तर पेगचा विचार होतो, त्यामुळे ही तारीख क्षुल्लक नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

हे सगळं घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) जा. तो नोंदणी करतो, डॉक्टर तपासतात आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. वेगळा अर्ज लिहायचा नसतो. त्रुटी निघाली की प्रकरण परत येतं. डॉक्टरांनी नुसतं 'डिस्फॅजिया' (गिळायला त्रास) लिहून कारण न देणं ही त्यातली नेहमीची चूक. थुंकीसुद्धा गिळता येत नसेल तर कागदांसाठी थांबू नका. तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून दाखल करता येतं, कागद मागून देता येतात.

योजना कॅशलेस आहे. परताव्याच्या भरवशावर अनामत भरू नका. कोणी मागितलीच तर १५५३८८ वर तक्रार करा. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा पॅकेजमध्येच येतो. पेग नळी पहिल्या महिन्यात निसटली तर घरी परत घालू नका, कारण छिद्राचा मार्ग तोवर पक्का झालेला नसतो. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच रुग्णालयात तडक जा.