रिचर्डसन-ओमस्टेड संकुल (बफलो स्टेट असायलम)

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईअरी सरोवराकाठी वसलेल्या बफलो शहरातील जुने सरकारी मनोरुग्णालय. वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन (१८३८–८६) यांनी आराखडलेली ही इमारत १८८० मध्ये रुग्णांसाठी उघडली आणि १९७० च्या दशकात रिकामी झाली. भोवतीचा परिसर फ्रेडरिक लॉ ओमस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी आखला. १९८६ पासून ही वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे. बांधताना तिच्याकडे केवळ रुग्णांना ठेवण्याची जागा म्हणून पाहिले गेले नव्हते. भिंती, खिडक्या, हवा आणि बाग मिळून रुग्णाला बरे करतील, म्हणजे इमारत हेच औषध, असा तेव्हाच्या डॉक्टरांचा खरोखरचा विश्वास होता.

या विश्वासाचा मोठा पुरस्कर्ता टॉमस स्टोरी कर्कब्राइड (१८०९–८३). हा क्वेकर पंथाचा डॉक्टर १८४१ पासून फिलाडेल्फियातील मनोरुग्णालयाचा अधीक्षक होता. त्याआधी गरीब मनोरुग्णांची जागा बहुधा तुरुंगात नाही तर अनाथ-दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रमात असे, आणि तिथे साखळदंड ही नित्याची गोष्ट होती. डोरोथिया डिक्स या शिक्षिकेने ही स्थिती राज्याराज्यांच्या विधिमंडळांपुढे मांडली आणि सरकारी मनोरुग्णालयांसाठी पैसा मंजूर करवून घेतला. ती रुग्णालये बांधायची कशी, याचे उत्तर कर्कब्राइडने दिले. मनोरुग्णालयांच्या अधीक्षकांच्या संघटनेने १८५१ मध्ये त्याची २६ कलमे जशीच्या तशी स्वीकारली. १८५४ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. खोलीची उंची, गवाक्षांची जागा, पाण्याचे नळ, गरम हवेच्या वाहिन्या, काहीही त्याने सोडले नाही. एका रुग्णालयात २५० हून जास्त रुग्ण नसावेत, कारण अधीक्षकाला प्रत्येक रुग्ण ओळखता आला पाहिजे, हा त्यातला कणा. पुढे तोच पहिल्यांदा मोडला: १८६६ मध्ये संघटनेने मर्यादा ६०० वर नेली, आणि बफलोचे रुग्णालय या ६०० च्याच हिशेबाने आखले गेले.

रिचर्डसनला हे काम मिळाले तेव्हा तो जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकून आलेला, पण अजून नाव व्हायचे होते. ज्या ट्रिनिटी चर्चमुळे तो पुढे देशभर गाजला ते बॉस्टनचे काम त्याला नंतर मिळाले. म्हणून त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीची पहिली मोठी खूण बफलोत पाहायची: जाड, खडबडीत दगड, अर्धवर्तुळाकार कमानी, चढे उतरते छप्पर आणि बाराव्या शतकातल्या युरोपीय मठाची आठवण करून देणारा भारदस्तपणा. त्याच्या सगळ्या कामांत आकाराने हेच सर्वांत मोठे. मात्र श्रेय देताना जरा जपून द्यावे. कोणता विभाग कुठे आणि रुग्णांची वाटणी कशी, हे डॉक्टरांनी आधीच ठरवलेले होते. त्यात युटिका येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक जॉन पी. ग्रे यांचा सल्ला होता. रिचर्डसनच्या हाती उरले ते त्या आराखड्याला रूप देणे, आणि ते त्याने असे दिले की दवाखाना पाहतोय असे वाटतच नाही.

मध्यभागी प्रशासकीय इमारत आहे. तिचे जुळे मनोरे सुमारे १८५ फूट उंच असून शहराच्या बऱ्याच भागातून दिसतात. तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच वॉर्ड इमारती, एकूण अकरा. त्या एका सरळ ओळीत नाहीत. उडणाऱ्या बगळ्यांची रांग जशी पुढच्यामागे एकेक पाऊल सरकत जाते तशी प्रत्येक इमारत आधीच्या इमारतीच्या थोडी मागे सरकते. यामागे शोभेपेक्षा गरज मोठी होती. असे मागे सरकवल्याने प्रत्येक वॉर्डाची दोन्ही टोके मोकळी राहतात, तिथे खिडक्या ठेवता येतात, उजेड आणि वारा आरपार खेळतो. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. शांत रुग्ण मध्याजवळ, आरडाओरडा करणारे टोकाला. म्हणजे रुग्णाचा पत्ता सांगितला की त्याची तब्येतही कळावी. सुधारणा झाली की रुग्ण मध्याकडे सरकणार, हेही त्यात गृहीत होते.

एक इमारत दुसरीला वक्र आकाराच्या जोडमार्गांनी जोडलेली आहे. आग लागली तर ती एका वॉर्डातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हे मार्ग अरुंद आणि लोखंडी दारांनी बंद करता येण्याजोगे केले. वॉर्डांतले कॉरिडॉर याच्या अगदी उलट: लांब, रुंद आणि उंच छताचे. रुग्णाची स्वतःची खोली लहानशी, फक्त निजण्यापुरती. दिवस घालवायचा तो कॉरिडॉरमध्ये. आपल्याकडच्या वाड्यात सोप्याला जे स्थान, तेच इथे कॉरिडॉरला, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

मधली इमारत आणि तिच्या लगतचे दोन्हीकडचे दोन-दोन वॉर्ड याच प्रदेशातल्या खाणींमधून काढलेल्या तांबूस मेडिना वालुकाश्माचे आहेत. बाहेरचे तीन-तीन वॉर्ड खर्च वाचवण्यासाठी विटांचे केले. बांधकाम इतके रेंगाळले की मधला भाग आणि पूर्व बाजू १८८० मध्ये रुग्णांसाठी उघडली, तर पश्चिम बाजू १८९५ मध्ये पुरी झाली. रिचर्डसन त्याआधी नऊ वर्षे वारला होता.

जमीन २०३ एकर. ओमस्टेड आणि व्हॉक्स तेव्हा बफलोसाठी उद्यानांची साखळी आखत होते, त्यामुळे रुग्णालयाचे आवारही त्याच हाताने घडले. दर्शनी बाजूला वळणदार रस्ते आणि झाडांचे पुंजके, मागे उत्तरेला शेती. शेतात रुग्ण राबत. डॉक्टर त्याला उपचार म्हणत, आणि त्यात तथ्यही होते. पण त्याच उपचारातून रुग्णालयाचा भाजीपाला फुकट पिकत होता हेही खरे. ओमस्टेडचा मनोरुग्णालयांशी संबंध शेवटपर्यंत सुटला नाही. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयाच्या जागेबद्दल त्याने सल्ला दिला होता. स्मृती गेल्यावर तो तिथेच रुग्ण म्हणून राहिला आणि १९०३ मध्ये तिथेच वारला.

बफलोची दारे उघडली तेव्हा त्यामागच्या सिद्धान्ताला तडा गेलेला होता. १८७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील अधीक्षक प्लिनी अर्ल यांनी जुने अहवाल तपासून दाखवले की 'बरे झाले' म्हणून नोंदलेल्यांत तेच तेच रुग्ण अनेकदा मोजले आहेत: बरा झाला, घरी गेला, परत आला, पुन्हा बरा झाला. त्यात १८९० च्या कायद्याने न्यूयॉर्क राज्याने जिल्ह्यांच्या आश्रमांतले सर्व गरीब मनोरुग्ण आपल्याकडे घेतले. हेतू चांगला होता, पण वॉर्ड भरून वाहू लागले. अधीक्षकाने प्रत्येक रुग्णाला ओळखायचे दिवस संपले.

अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आणि बाहेर राहून उपचार घेण्याचे धोरण आल्यावर हा आकडा घसरत गेला. बफलोतली शेतजमीन त्याआधीच, १९२० च्या दशकात, शिक्षक महाविद्यालयाकडे गेली होती. १९६० च्या दशकात नवी रुग्णालय इमारत उभी राहिली आणि पूर्वेकडचे तीन विटांचे वॉर्ड पाडले गेले. अकरांपैकी आठ उरल्या. त्याही दीर्घकाळ गळक्या छपरांखाली कुजत पडल्या.

त्या वाचल्या त्या रिचर्डसन आणि ओमस्टेड या दोन नावांमुळे आणि बफलोकरांनी सरकारला कोर्टात खेचल्यामुळे. सगळ्यांचे नशीब असे नव्हते: मॅसॅच्युसेट्समधील डॅनव्हर्स मनोरुग्णालयाचा बहुतेक भाग २००६ च्या सुमारास, तर न्यू जर्सीतील ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालयाची मुख्य इमारत २०१५ मध्ये पाडली गेली. बफलोत मधली इमारत आणि तिच्या लगतचे दोन वॉर्ड दुरुस्त करून २०१७ मध्ये ८८ खोल्यांचे हॉटेल सुरू झाले. रुग्णांच्या खोल्या इतक्या लहान होत्या की पाहुण्यासाठी दोन-तीन खोल्यांमधल्या भिंती पाडाव्या लागल्या. कॉरिडॉर मात्र तसेच रुंद ठेवले. २०२१ मध्ये हॉटेल बंद पडले, २०२३ मध्ये नव्या नावाने पुन्हा उघडले. पश्चिमेकडचे विटांचे वॉर्ड या हॉटेलात आलेले नव्हते. जुन्या आवाराच्या एका भागात राज्याचे मनोरुग्णालय आजही चालू आहे, आणि हॉटेलातल्या काही खिडक्यांतून ते दिसते.