ॲनिमेरसिक व ‘मोए’ चित्रशैलीविषयीची दृष्टी (सोलापूर)

जपानी ॲनिमे पाहणाऱ्या आणि मांगा (जपानी चित्रकथा) वाचणाऱ्या तरुणांकडे, तसेच त्यांना आवडणाऱ्या गोंडस किंवा कामुक वळणाच्या पात्रांकडे पाहण्याची समाजाची रीत. सोलापुरात अशा रसिकावर दोन आरोप होतात. पहिला पोरकटपणाचा: एवढा मोठा झाला तरी कार्टून बघतो. दुसरा चावटपणाचा: हा काहीतरी घाणेरडे बघतो. हे दोन्ही एकाच वेळी खरे असणे अवघड आहे. तरीही ते बहुधा एकाच माणसाच्या तोंडून येतात, आणि दुसरा आरोप होतो तो मोबाईलच्या पडद्यावरचे एखादे चित्र ओझरते दिसल्यावर. या दोहोंत खरोखर विचार करण्याजोगी तक्रार कोणती, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

संज्ञा. जपानी भाषेत ‘ॲनिमे’ हा कोणत्याही ॲनिमेशनपटासाठी वापरला जाणारा शब्द आहे. जपानबाहेर तो जपानी निर्मितीपुरता उरला. ‘कावाई’ म्हणजे गोंडस. १९७० च्या दशकात जपानी शाळकरी मुलींमध्ये गोल, फुगीर अक्षरे काढण्याची लाट आली होती. ‘हॅलो किटी’ हे मांजरीचे पात्र १९७४ चे. ‘मोए’ हा शब्द कोंब फुटणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला असून जळणे या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तसाच आहे. पडद्यावरच्या काल्पनिक पात्राविषयी मनात जो जिव्हाळा अंकुरतो, त्याला रसिक मोए म्हणतात. २००५ साली जपानमधील वर्षाच्या गाजलेल्या नव्या शब्दांच्या यादीत तो पहिल्या दहांत होता. ‘एच्ची’ ही हलक्या चावट चित्रणाची संज्ञा इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या जपानी उच्चारावरून पडली. कथेला गरज नसताना केवळ प्रेक्षकाला सुखावण्यासाठी घातलेल्या अशा दृश्यांना ‘फॅनसर्व्हिस’ म्हणतात, आणि सोलापूरचे रसिकही हाच शब्द वापरतात. जपानी पात्रांच्या अतिप्रेमात पडलेल्याला ‘वीब’ म्हणून हिणवले जाते. पुढे तोच शब्द तो स्वतःसाठी प्रेमाने वापरू लागतो.

मराठीत गोंडस, गोजिरवाणे, लोभस, लडिवाळ, साजिरे असे कितीतरी शब्द असून त्यांच्यात बारीक छटाभेद आहेत. कावाईतले जवळजवळ सगळे त्यांत सामावते. मोए मात्र त्यांतल्या कोणत्याच शब्दात मावत नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे.

जपानमधील पूर्वपीठिका. रसिकाकडे संशयाने पाहण्याची सुरुवात जपानमध्येच झाली. ‘ओताकू’ याचा मूळ अर्थ ‘आपले घर’ आणि त्यावरून आदरार्थी ‘आपण’. मराठीत दोन जिवलग मित्रांनी एकमेकांना अहो-जाहो करीत राहावे, तसे त्या काळचे चित्रकथाप्रेमी एकमेकांना ओताकू म्हणत. १९८३ साली लेखक अकिओ नाकामोरी यांनी एका नियतकालिकातील सदरात हा शब्द त्या सगळ्या गटासाठी टिंगलीच्या सुरात वापरला आणि तो चिकटला. १९८८-८९ मध्ये तोक्यो व सायतामा परिसरात चार लहान मुलींचे खून झाले. जुलै १९८९ मध्ये त्सुतोमु मियाझाकी पकडला गेला (चित्रपटकार हायाओ मियाझाकी यांच्याशी त्याचा काहीही संबंध नाही). त्याच्या खोलीत हजारो व्हिडिओ कॅसेटी सापडल्या. त्यांतल्या ॲनिमेच्या कॅसेटींवर वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीने बोट ठेवले आणि सबंध ओताकू वर्गच संशयित ठरला. एका गुन्हेगाराच्या कपाटावरून लाखो माणसांची पारख करण्याचा हा प्रकार होता. त्याचा डाग पुसायला पंधरा वर्षे लागली. २००४-०५ च्या सुमारास एका लाजाळू ओताकूची प्रेमकथा पुस्तक, चित्रपट आणि मालिका या तिन्ही रूपांत गाजली, तोक्योच्या आकिहाबारा भागात पर्यटक गर्दी करू लागले आणि २००८ साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने डोरेमॉनला चक्क ‘ॲनिमे राजदूत’ नेमले.

सोलापुरात आगमन. सोलापूरच्या घरांत डोरेमॉन याआधीच येऊन पोहोचला होता, तो केबलवरून आणि हिंदीत बोलत. त्याच्या मागोमाग शिनचॅन आला आणि पहिली कुरबूर त्याच्यावरून झाली. पोर उलट बोलले, पाहुण्यांसमोर वेडीवाकडी कंबर हलवली की ‘शिनचॅन बघून बघून बिघडलाय’ असे आया म्हणू लागल्या. २००८ मध्ये या मालिकेचे प्रक्षेपण भारतात काही काळ थांबले आणि नंतर काटछाट करून ती परत सुरू झाली. यातली एक गोष्ट पालकांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. योशितो उसुई यांची मूळ चित्रकथा १९९० साली प्रौढ पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. नायक पाच वर्षांचा म्हणून वाचकही पाच वर्षांचा, हे समीकरण आपल्याकडचे आहे. चित्र हलते म्हणजे ते बाळगोपाळांसाठीच, ही समजूत सोलापुरात इतकी मुरलेली आहे की तिच्यातूनच दोन्ही आरोप निघतात. मुलांची गोष्ट मोठ्याने पाहिली तर तो पोरकट आणि मुलांच्या गोष्टीत मोठ्यांचे काही दिसले तर तो चावट.

शहराच्या बहुभाषिकतेचा या आवडीला मोठा हातभार लागला. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या कुटुंबांत कन्नड, शाळेत मराठी, दूरचित्रवाणीवर हिंदी, अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला खाली अक्षरे वाचत परकी भाषा ऐकण्याचे ओझे वाटत नाही. एकाच बाकावरचे दोन मित्र एकच मालिका वेगवेगळ्या भाषांत पाहतात आणि तिच्यावर सोलापुरी मराठीत भांडतात. दुचाकीच्या टाकीवरचे लाल डोळ्याचे स्टिकर, मोबाईलचे मागचे कव्हर, नवी पेठेतून घेतलेला काळा टी-शर्ट, बॅगेला लटकणारी किचेन या खुणांवरून रसिक एकमेकांना ओळखतात. थट्टेचे ठरलेले वाक्य ‘काय बे, अजून कार्टूनच बघतो का?’ असे असते. ते वर्गमित्राकडून आले तर हसण्यावारी जाते. वडिलांकडून आले तर त्याच्यामागे यंत्रमागाच्या घरघरीत गेलेले त्यांचे आयुष्य असते, आणि पोराने बारावीला असताना रात्री दोनपर्यंत जागावे याची साधी काळजी असते. ही काळजी ॲनिमेची नाही, वेळेची आहे. तिचे उत्तर अभ्यासाच्या वेळापत्रकातच शोधावे लागते.

वात्सल्य आणि शृंगार. अश्लीलतेचा आरोप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणाऱ्या रसिकांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. मात्र हा आरोप नेमक्या शब्दांत मांडायला हवा.

केवळ शृंगार आहे म्हणून सोलापूरने नाक मुरडावे, असा या गावाचा इतिहास नाही. पेशवाईच्या उत्तरार्धातले शाहीर राम जोशी सोलापूरचे. विद्वान ब्राह्मण घरात जन्मलेला हा कवी तमाशाच्या फडात रमला, म्हणून त्याला घर सोडावे लागले असे सांगतात. आज त्याच्या लावण्या मराठी कवितेचे वैभव मानल्या जातात. प्रौढ स्त्री-पुरुषांचा शृंगार गाण्यात आला, चित्रात आला, तर त्याला जागा द्यायला मराठी मन शिकलेले आहे. वात्सल्याचे म्हणाल तर पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. तिथे देवालाच माउली म्हणतात, आणि बाळकृष्णाच्या पाळण्याच्या कौतुकात पिढ्यान् पिढ्या रंगल्या आहेत. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने चौदाव्या शतकात वत्सल हा स्वतंत्र रस मानला. लहानग्याविषयी वाटणारी ओढ आणि कामिनीविषयी वाटणारी ओढ या दोन वेगळ्या भाववृत्ती आहेत, हे आपल्या रसविचाराने इतक्या स्पष्टपणे ओळखले होते.

मोएची अडचण इथेच आहे. मोठे डोळे, इवलेसे नाक, गोबरे गाल, डोके मोठे आणि हनुवटी लहान, ही सगळी बालकाची लक्षणे होत. ती पाहून मनात वात्सल्य जागते. त्याच चेहऱ्याखाली प्रौढ देह, आखूड कपडे, लाजण्याच्या ठरावीक अदा जोडल्या की वात्सल्याच्या वाटेने शृंगार आत येतो. घरातल्या आजीला हे शब्दांत सांगता येत नाही. ती एवढेच म्हणते, ‘तोंड लेकराचं आणि हे काय काढलंय?’ तिच्या या एका वाक्यात रसशास्त्रातली सगळी हरकत आहे. मोए शब्दाला मराठी प्रतिशब्द सापडत नाही तोही यामुळेच. मराठीने या दोन भावांसाठी दोन वेगळे शब्दसमूह राखले आहेत.

तरीही संपूर्ण शैलीला दोषी धरणे चूक आहे. मोठे डोळे हे मुळात कामुकतेचे चिन्ह नाही. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी ते डिस्नेच्या चित्रांपासून आणि ताकाराझुका येथील स्त्री-नाट्यमंडळीच्या रंगभूषेपासून घेतले. पुढे मुलींसाठीच्या चित्रकथांनी त्या डोळ्यांत तारे भरले, कारण त्यांना मनातली खळबळ चेहऱ्यावर दाखवायची होती. जपानी विचारवंत हिरोकी आझुमा यांनी २००१ साली मांडले की आजचा रसिक पात्र अखंड पाहत नाही. मांजराचे कान, विशिष्ट केशरचना, चश्मा, विशिष्ट बोलण्याची लकब असे सुटे घटक तो एका साठ्यातून ओळखतो आणि त्यांच्या जुळणीवर लुब्ध होतो. सोलापूरकराला हे चटकन समजेल. जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की त्याच सुतातून मोराची चादर निघते किंवा फुलांची. नक्षी कोणती विणायची हे मागावर बसलेला ठरवतो, आणि जबाबदारीही त्याचीच असते. मोएच्या घटकांतून मैत्रीची, शोकाची, खेळातल्या जिद्दीची उत्तम कथा विणता येते आणि विणलेली आहे. त्याच घटकांतून शाळकरी मुलीला भोगवस्तू करणारी कथाही विणली जाते. पहिलीची ढाल करून दुसरी वाचवणे अप्रामाणिक आहे.

गणवेशाचा प्रश्न. जपानी शाळांत मुलींचा खलाशी धाटणीचा गणवेश १९२० च्या दशकात रूढ झाला. ॲनिमेत तो सर्वत्र दिसतो आणि कामुक चित्रणातही वारंवार येतो. सोलापूर हे शालेय गणवेश शिवणारे भारतातले महत्त्वाचे केंद्र आहे. इथे गणवेश म्हणजे गल्लीतल्या शिलाई यंत्रावर आईने काज-बटन करून कमावलेला पैसा, आणि जूनच्या पहिल्या दिवशी कडक इस्त्रीत शाळेला निघालेली लेक. अशा गावात गणवेशातल्या मुलीचे कामुक चित्र फक्त परके वाटत नाही, ते लागते. रसिकांनी याला मागासपणा म्हणू नये. दुसरीकडे, याच गावात एखादी मुलगी महाविद्यालयाच्या गॅदरिंगसाठी ओळखीच्या शिंप्याला चित्र दाखवून आवडत्या नायिकेचा पोशाख शिवून घेते, तेव्हा त्या कारागिराच्या हातांना काही नवे शिकायला मिळते, आणि पोशाखाची उंची ती स्वतः ठरवते.

मुली. त्यांच्या वाट्याला अधिक कडवट वागणूक येते. मुलाच्या आवडीला ‘वय आहे’ म्हणून सोडून देणारे घर मुलीचा मोबाईल तपासते. कॉस्प्लेचा (आवडत्या पात्राचा वेश केलेला) फोटो टाकला की नातलगांच्या गटात चर्चा होते. रसिकांच्या गटातही तिला ‘मालिकांची नावं सांग बघू दहा’ अशी परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यासमोर मुद्दाम फॅनसर्व्हिसच्या चित्रांची देवघेव केली जाते. घरच्यांना ती बिघडलेली वाटते आणि मुलांना ती खोटी रसिक वाटते. चित्रातल्या मुलीविषयी हळवे होणाऱ्यांनी शेजारच्या बाकावरच्या मुलीला अवघडून टाकावे, हे या सगळ्या विषयातले सर्वांत दुखरे स्थान आहे. म्हणूनच अनेक मुली आपली आवड वहीच्या मागच्या पानावरल्या पेन्सिलचित्रांपुरती ठेवतात. त्यांतली कित्येक चित्रे फार सुंदर असतात.

कायदा. जपानने बालकांच्या अश्लील चित्रणावर १९९९ मध्ये कायदा केला आणि २०१४ मध्ये असे साहित्य नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले. मात्र मांगा व ॲनिमे त्यातून वगळले. भारतात तशी सूट नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब बालकांचे अश्लील वा कामुक चित्रण करणारे साहित्य इलेक्ट्रॉनिक रूपात प्रसिद्ध करणे, पाठवणे, गोळा करणे, शोधणे आणि पाहणे यांनाही लागू होते. पॉक्सो (लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यात २०१९ साली घातलेल्या व्याख्येत, तयार केलेली किंवा बदललेली पण बालक दाखवते असे भासणारी प्रतिमाही येते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशा साहित्याचा साठा आणि ते पाहणे यांकडे कठोरपणे पाहिले. रसिकांच्या गप्पांत नेहमी ऐकू येणारे ‘ती दिसते लहान, पण कथेत तिचं वय सातशे वर्षं आहे’ हे समर्थन म्हणूनच इथे तकलादू आहे. व्याख्येत ‘भासणारी’ हा शब्द आहे, आणि चित्रात काय दिसते तेच भासते. गटावर आलेले असे चित्र हसत पुढे ढकलणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना हे कोणी सांगितलेले नसते. ते सांगायला वडीलधाऱ्यांपेक्षा वयाने थोडे मोठे असलेले रसिक जास्त उपयोगी पडतात, कारण कोणती मालिका पोरासोबत बसून पाहता येईल आणि कोणती नाही हे त्यांना ठाऊक असते, आणि धाकटा भाऊ त्यांचे ऐकतो.