प्रवाळ, चुन्याची निवळी आणि सहा ग्रॅम सोडा

गेल्या महिन्यात श्टुटगार्टहून भाच्याचा फोन आला. "मामा, अ‍ॅक्रोपोरा मरतोय. रोज कॅल्शियम घालतोय, तरीही!" म्हणजे फांद्या फुटणारा त्याचा प्रवाळ. दोनशे लिटरची त्याची खाऱ्या पाण्याची टाकी, तीन वर्षं जिवापाड जपलेली. व्हिडिओवर त्याने जवळून दाखवलं. फांद्यांची वाढ थांबली होती आणि बुंध्याशी जिवंत तपकिरी पापुद्रा मागे सरकून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडला होता. कॅल्शियम मोजलं होतं, लिटरला ४८० मिलिग्रॅम. समुद्रात ते ४१०-४२० असतं.

"आणि केएच?"

"ते मोजायचं राहिलंय."

हे मी कितीदा तरी ऐकलंय. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा आहे ना, मग ओता कॅल्शियम. नावातला दुसरा शब्द कुणी वाचतच नाही.

केएच म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. भूगोलाच्या पुस्तकातली क्षारता वेगळी, ती मिठाची. समुद्राच्या पाण्यात ही ताकद मुख्यतः बायकार्बोनेटमधून येते, आणि प्रवाळाला लागणारं कार्बोनेटही त्याच साठ्यातून मिळतं. आता हिशोब बघा. समुद्राच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम असतं सुमारे १०.५ मिलिमोल (मिलिमोल म्हणजे कणांच्या संख्येचं माप) आणि अल्कलिनिटी २.३ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे टाकीवाल्यांच्या मापात साडेसहा डिग्री केएच. कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रत्येक रेणूमागे कॅल्शियमचा एक आयन खर्च होतो, पण अल्कलिनिटीचे दोन एकक जातात. म्हणजे ती पुरेल जेमतेम १.१५ मिलिमोलला. कॅल्शियम गरजेच्या नऊपट! अंगणात विटांचा ढीग पडलाय आणि सिमेंटची दोनच पोती, अशी अवस्था.

टाकीत याचा अर्थ असा की केएच एक डिग्रीने उतरतं तेव्हा कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने उतरतं. प्रवाळांनी भरलेल्या टाकीत दिवसाला एक डिग्री सहज जाते. तीन दिवस दुर्लक्ष झालं तर केएच ८ वरून ५ वर येतं, आणि कॅल्शियम ४२० वरून ३९९ वर. आकडा बघून माणूस निर्धास्त राहतो.

मला सगळ्यात भुरळ पडते ती प्रवाळाच्या शरीरात पुढे जे घडतं त्याची. त्याची ऊती आणि सांगाडा यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. तळाच्या पेशी या फटीत कॅल्शियम ढकलतात आणि तिथले हायड्रोजन आयन बाहेर उपसतात. त्यामुळे फटीतला पीएच बाहेरच्या पाण्यापेक्षा चढतो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि अ‍ॅरागोनाइटचे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचेच स्फटिक जमू लागतात. हा उपसा फुकटात होत नाही. त्याची ऊर्जा पेशींत राहणाऱ्या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणातून येते, म्हणून सांगाडा दिवसा भराभर वाढतो. बाहेरच्या पाण्यात ते हायड्रोजन झेलायला बायकार्बोनेट कमी पडलं की पंप जड जातो.

याचा मोठा प्रयोग अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात झाला. बायोस्फिअर २ या काचेच्या बंद इमारतीत १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षं राहायला गेली. आत सुमारे साडेसव्वीस लाख लिटरचा समुद्र होता, प्रवाळांसकट. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, पाण्याचा पीएच घसरू लागला, आणि त्यांना त्यात बायकार्बोनेट आणि कार्बोनेट घालावं लागलं. पुढे सागरशास्त्रज्ञ ख्रिस लँगडन यांनी याच समुद्रात मोजमापं करून २००० साली दाखवलं की पाण्यात कार्बोनेट जितकं कमी, तितका सांगाडा सावकाश बनतो. आणखी एक गंमत म्हणजे, इमारतीच्या काँक्रीटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइडही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनत होता. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया.

आणि हीच निवळी टाकीत उपयोगी पडते! जर्मनीत तिला काल्कवासर म्हणतात, शब्दशः चुन्याचं पाणी. प्रवाळ ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खर्च करतो, त्याच प्रमाणात ती दोन्ही परत देते. फक्त तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रात्री थेंबथेंब सोडायची. घाई केली की टाकीत पांढरा साका होतो.

मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळंही कॅल्शियम कार्बोनेटच. मंगळ तांबडा लोहाच्या ऑक्साइडमुळे, पोवळं कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे. या दोन लालींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, आणि दागिन्यांपायी भूमध्य समुद्रातला तांबडा प्रवाळ पार ओरबाडला गेलाय. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून तुकडा आणून टाकीत ठेवावा, असा विचारही मनात आणू नका.

भाच्याचं केएच निघालं ५. "चमत्कारी" बाटल्या मागवू नकोस, म्हटलं. दोनशे लिटरला एक डिग्री चढवायला साधा खायचा सोडा सुमारे सहा ग्रॅम लागतो. प्रवाळाने त्या दिवशी खर्च केलेलं भरून काढायचं ते वेगळं. दिवसाला एका डिग्रीहून जास्त चढवायचं नाही, कारण एकदम उडी मारली तर फांद्यांची टोकं जळतात.

काल त्याने फोन लावून कॅमेऱ्यासमोर पाच मिलिलिटर पाणी घेतलं आणि थेंब मोजत गेला. आठव्या थेंबाला निळं पाणी पिवळं झालं, म्हणजे केएच ८. बुंध्याचा पांढरा पट्टा तसाच आहे, पण आठ दिवसांत तो पुढे सरकलेला नाही.