चार टक्क्यांचं लक्ष्य आणि राखीव निविदा: आदिवासी उद्योजकाने फरक आधी समजून घ्यावा

"सरकारी खरेदीत एससी-एसटींना चार टक्के आरक्षण आहे" हे वाक्य उद्योजकता शिबिरांत सर्रास ऐकू येतं. ते ऐकून आदिवासी तरुण उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची केंद्राकडची ऑनलाइन नोंदणी) करतो, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर खातं उघडतो आणि आपल्यासाठी बाजूला काढलेल्या निविदेची वाट बघत बसतो. तशी निविदा सहसा येतच नाही. कारण हे चार टक्के म्हणजे खरेदी करणाऱ्या खात्याला दिलेलं लक्ष्य आहे. राखीव निविदा ही वेगळी गोष्ट आहे, तीही आपल्या देशात आहे, पण दुसऱ्या कायद्यात आणि दुसऱ्या राज्यात.

आधी लक्ष्याचं पाहू. केंद्र सरकारने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२ साली काढला आणि १ एप्रिल २०१५ पासून तो सक्तीचा झाला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा. हा हिस्सा आधी २० टक्के होता, नंतर २५ टक्के झाला. त्यातच एकूण खरेदीचे ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून यावेत, असं अपेक्षित आहे. मालकीची व्याख्या सोपी आहे: एकल मालकी असेल तर मालक स्वतः त्या समाजाचा हवा, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा हवा.

आता हे निविदेत प्रत्यक्ष कसं चालतं ते बघा. समजा एका केंद्रीय कंपनीला १०,००० रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हवी आहेत. निविदा सगळ्यांना खुली आहे. एका मोठ्या कंपनीने नगाला १०० रुपये दर भरला, ती एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारी. आदिवासी मालकीच्या लघुउद्योगाने ११२ भरला. एल-वनच्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा, म्हणजे ११५ रुपयांपर्यंतचा दर चालतो, तेव्हा या उद्योगाला विचारलं जातं: १०० रुपयांत देता का? हो म्हटलं तर ऑर्डरचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग, म्हणजे २,५०० जॅकेटपर्यंतचं काम अशा लघुउद्योगांकडे येऊ शकतं. ११८ भरला असता तर कुणी विचारलंच नसतं. आणि एल-वन स्वतःच लघुउद्योग निघाला, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

यातली मेख दरात आहे. सवलत दर भरताना मिळते, पैसे घेताना मिळत नाही. कुरखेड्याहून किंवा धडगावहून माल पाठवणाऱ्याचा वाहतूक खर्च, पतपुरवठ्याचं व्याज हे सगळं त्या १०० रुपयांतच बसवायचं. म्हणून ११२ भरतानाच आपण १०० ला उतरू शकतो का, याचा हिशेब कागदावर मांडलेला हवा. तो न मांडता हो म्हणणारा उद्योजक पहिल्याच ऑर्डरमध्ये खोलात जातो. निविदेचा कागद फुकट मिळतो आणि बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ होते, हे खरंच मोलाचं आहे. पण काम मिळाल्यावर द्यायची सुरक्षा अनामत या धोरणात माफ नाही, हे शिबिरात कुणी सांगत नाही.

आदेशातलं आणखी एक कलम मला फार खटकतं. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरलेच नाहीत, किंवा उतरून अटींत बसले नाहीत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघुउद्योगांकडून भरून काढायचे. खात्यावर लक्ष्य हुकल्याचा ठपका येत नाही. त्यामुळे लघुउद्योगांचा एकूण हिस्सा २५ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि एससी-एसटींचा मात्र ४ टक्क्यांच्या बराच खाली राहत आला आहे. त्यातही जाती आणि जमाती एकाच आकड्यात आहेत. एकाही आदिवासी उद्योगाकडून काही न घेता एखादं खातं हे लक्ष्य पूर्ण दाखवू शकतं. माझ्या मते जमातींचा आकडा स्वतंत्र केल्याशिवाय हे सुधारणार नाही.

राखीव निविदेत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे आत कोण येऊ शकतं हेच आधी ठरलेलं असतं. महाराष्ट्रातल्या ठेकेदारांना ही कल्पना नवी नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात आणि जिल्हा परिषदेत छोट्या कामांचं वाटप मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ३३:३३:३४ असं होतं, ते याच तत्त्वावर. समाजाच्या आधारावर असं राखून ठेवण्याचं ठळक उदाहरण मात्र शेजारच्या कर्नाटकात आहे. तिथल्या सार्वजनिक खरेदी कायद्यात दुरुस्ती करून २०१७ पासून ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांपैकी १७.१५ टक्के कामं अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के कामं अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी ठेवली गेली. २०२३ मध्ये मर्यादा १ कोटीवर नेली. इथे जमातींचा हिस्सा वेगळा मोजला जातो. स्पर्धा असतेच, दरही भरावा लागतो, पण ती एकाच समाजातल्या ठेकेदारांमध्ये.

म्हणजे बांधकामाचा ठेकेदार आणि कारखानदार यांच्या वाटा मुळातच वेगळ्या आहेत. केंद्राचं धोरण उद्योगाने स्वतः बनवलेल्या मालाला आणि दिलेल्या सेवेला लागू होतं. रस्ता, नाली, इमारत अशा बांधकाम कंत्राटांना ते लागू नाही. निव्वळ व्यापाऱ्यालाही नाही. किरकोळ-घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. आपल्याकडे छोटी बांधकामं करणारे आदिवासी तरुण पुष्कळ आहेत. चार टक्क्यांवर त्यांनी भिस्त ठेवू नये. दुसरीकडे कर्नाटकातली राखीव कामं बेळगावजवळ दिसली तरी महाराष्ट्राच्या दाखल्यावर मागता येत नाहीत, कारण अनुसूचित जमातींची यादी राज्यागणिक वेगळी आहे आणि स्थलांतराने तो दर्जा सोबत येत नाही. केंद्राच्या खरेदीत ही अडचण नाही. तिथे आपल्या राज्याचा दाखला देशात कुठेही चालतो.

दोन्हींकडे एक धोका मात्र सारखाच आहे. ५१ टक्के कागदावर आदिवासीच्या नावे आणि चेकबुक दुसऱ्याच्या खिशात, असा प्रस्ताव घेऊन येणारे भेटतात. त्यात देणी, कर आणि काळ्या यादीचा शिक्का सगळं कागदावरच्या मालकाच्या माथी येतं. महिन्याला हातावर टेकवलेल्या रकमेसाठी सही देऊ नका.

माल बनवणाऱ्याने सुरुवात जवळच्या केंद्रीय खरेदीदारापासून करावी. नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध निर्माणी कारखाने, रेल्वेची कार्यालयं, ही सगळी आदिवासी पट्ट्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत. वर्षभरात काय घेणार याचं नियोजन खात्यांनी आपल्या संकेतस्थळावर टाकायचं असतं. ते आधी वाचा आणि आपला माल त्यात आहे का बघा. २०१६ साली सुरू झालेलं राष्ट्रीय एससी-एसटी हब हे राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळामार्फत चालतं. निविदा भरण्याचं प्रशिक्षण तिथे मिळतं, शिवाय यंत्रसामग्रीवर २५ टक्के भांडवली अनुदानाची योजनाही तिथूनच चालते. माल दिल्यावर पैसे थकले तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे ४५ दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. ते मागायला माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती लागते. ती गाडी परत निघण्याआधी घ्या.