पार्श्वभूमी : व्होल्ट गुणिले अँपियर बरोबर वॅट, हे इतके सरळ कसे झाले?

गीझरवर २३० व्होल्ट आणि २००० वॅट असे छापलेले असते. एक भागाकार केला की प्रवाह मिळतो, ८.७ अँपियर. दुसरा केला की रोध मिळतो, साडेसव्वीस ओहमच्या आसपास. मध्येच कुठल्या विचित्र आकड्याने गुणावे लागत नाही. ते का लागत नाही, यामागे मात्र बरीच भांडणे आहेत, आणि पाठ्यपुस्तकांनी ती सोयीस्करपणे गाळली आहेत.

व्होल्ट भागिले अँपियर म्हणजे रोध, या ओहमच्या नियमाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. १८२७ मध्ये एका जर्मन गणितशिक्षकाने तो मांडला, मायदेशात आधी दुर्लक्ष झाले, १८४१ मध्ये लंडनहून पदक मिळाले. त्याच सुमारास मँचेस्टरच्या एका मद्य-कारखानदाराच्या मुलाने पाण्यात तार बुडवून दाखवले, की प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. सूत्रे तयार होती. पण ‘एक’ रोध म्हणजे किती, यावर एकमत नव्हते. इंग्रज तारयंत्रवाले एक मैल तांब्याची तार धरत, फ्रेंच एक किलोमीटर लोखंडी तार, जर्मन त्यांच्या मैलाची लोखंडी तार. तांबे किती शुद्ध, यावरच रोध बदलत असल्याने दोन मैल तारा एकसारख्या निघतील याची खात्री नसे.

हा गोंधळ समुद्राने चव्हाट्यावर आणला. १८५८ ची अटलांटिकची तारयंत्राची केबल जेमतेम तीन आठवडे चालली. सुएझहून एडनमार्गे कराचीला आणलेली तांबड्या समुद्राची केबलही १८६० मध्येच निकामी झाली. तिच्या भांडवलावर सरकारची हमी होती, त्यामुळे मुक्या केबलचे पैसे करदाते भरत राहिले. तळाशी गेलेल्या केबलचा दोष किनाऱ्यावर बसून शोधायचा तर एकच उपाय असतो : टोकापासून रोध मोजायचा आणि दर मैलाच्या रोधाने भागायचे, की दोष किती मैलांवर आहे ते कळते. त्यासाठी सर्वांचा ओहम एकच हवा. पुढे १८७० मध्ये सुएझ-एडन-मुंबई केबल टिकली, तोवर हे मोजमाप रुळले होते.

खरा वाद १८६० च्या दशकातला. बर्लिनच्या एका तारयंत्र-उद्योजकाने १८६० मध्ये सोपा मार्ग सुचवला : एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ, तापमान शून्य अंश. पारा कुठेही शुद्ध करता येतो, काचेची नळी कुठेही बनते. कारागिराच्या नजरेने पाहिले तर याला तोड नव्हती. ब्रिटनमध्ये १८६१ मध्ये नेमलेल्या समितीने मात्र हट्ट धरला, की एकक लांबी, वस्तुमान आणि काळ यांतूनच निघाले पाहिजे. त्यासाठी त्यांनी चुंबकीय क्षेत्रात गुंडाळी गरगर फिरवली आणि १८६५ मध्ये चांदी-प्लॅटिनमच्या वेटोळ्यांत आपला ओहम वाटला. वीस वर्षांनी कळले, की तो सुमारे १.३ टक्क्यांनी लहान आहे. पारेवाल्यांना हसायला कारण मिळाले.

तरीही हट्ट समितीचाच योग्य होता, असे मला वाटते. पाऱ्याचा रोध आणि एखाद्या घटाचा (बॅटरीच्या सेलचा) विद्युतदाब अशी दोन मनमानी एकके घेतली असती, तर शक्ती काढताना दरवेळी एक ओबडधोबड गुणक लावावा लागला असता. यांत्रिक कामाच्या (ऊर्जेच्या) मापाशी आधीच गाठ मारल्यामुळे व्होल्ट गुणिले अँपियर थेट वॅट झाले. तडजोडही हुशारीची होती. ओहम पाऱ्याच्या एककाजवळचा आणि व्होल्ट तेव्हाच्या प्रचलित घटाजवळचा पडेल, असेच दहाचे घात निवडले गेले.

गंमत म्हणजे पारा मागच्या दाराने परत आला. १८८४ मध्ये पॅरिसला ओहम म्हणजे १०६ सेंटिमीटरचा स्तंभ ठरला, १८९३ मध्ये शिकागोला १०६.३. शिकागोत तर ओहम पाऱ्याने, अँपियर प्रवाहाने द्रावणातून साचवलेल्या चांदीच्या वजनाने आणि व्होल्ट घटाने असे तिन्ही स्वतंत्रपणे बांधले. परिणामी कागदावरच्या व्याख्यांनुसार भागाकार तंतोतंत जुळण्याची हमी राहिली नाही! १९०८ च्या लंडन परिषदेने व्होल्ट बाकी दोहोंतून काढायचे ठरवले आणि ही पंचाईत मिटली. पारा मात्र १९४८ पर्यंत टिकला. तेव्हा ओहम ०.०४९ टक्क्यांनी बदलला.

त्यानंतर सगळे प्रयोगशाळांत गेले. १९८० मध्ये अतिथंड अर्धवाहकात चुंबकीय क्षेत्र वाढवले की रोध पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो असे दिसले. त्यातली मूळ पायरी २५,८१२.८०७ ओहमची, आणि ती १९९० पासून जगभर प्रमाण झाली. २० मे २०१९ ला इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि प्लांकचा स्थिरांक (पुंजभौतिकीतला मूलभूत आकडा) कायमचे नेमून दिल्यावर व्होल्ट सुमारे कोटीत एक भागाने सरकला. दुकानातल्या मल्टिमीटरला त्याचा पत्ताही नाही.

एवढ्या खटाटोपाने टाळलेला गुणक प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाबरोबर वेगळ्या रूपात आलाच. मोटरीला दिलेले व्होल्ट आणि तिने ओढलेले अँपियर गुणले तर व्होल्ट-अँपियर मिळतात. वॅटसाठी त्याला पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, लावावा लागतो. तिथे व्होल्ट भागिले अँपियर हा निव्वळ रोधही नसतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची बिले एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपियर-तासांवर) निघू लागली. पॉवर फॅक्टरसाठीची वेगळी सूट आणि दंड त्यात गेले, कारण आता पैसे थेट व्होल्ट गुणिले अँपियरचेच लागतात. थ्री फेजमध्ये १.७३ ने गुणावे लागते, तेवढे वेगळे.